मेस्त्रीनं बांधलेली परांची

बेळगावच्या शहापुरातल्या एका नव्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर परशराम बाहेरून गिलावा करत होता. जेवण करून तो परत बांबूच्या परांचीवर चढला आणि पायाखालची फळीच सुटली. खाली वाळू चाळणाऱ्या सुवर्णानं, त्याच्या बायकोनं, आधी थापी पडल्याचा आवाज ऐकला, मग नवऱ्याचा.

परांची बांधली होती मष्णूनं. तो या कामावरचा मेस्त्री आणि सुवर्णाचा सख्खा धाकटा भाऊ. त्यानंच परशरामला उचलून रिक्षात घातलं. दवाखान्याच्या दारात मात्र तो तिच्या कानाशी लागला.

"आक्का, घरात पायरीवरनं घसरला म्हणून सांग. दोरी मीच बांधलीती. पोलीस मलाच धरतील."

आत डॉक्टरीणबाईंनी कन्नडमधून विचारलं, "कसे पडलात?"

सुवर्णा बोलायच्या आतच परशराम म्हणाला, "पायरी चुकली, बाई. घरात." मेव्हण्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मुका मार असेल, म्हणत बाई गोळ्या लिहू लागल्या. तोवर सुवर्णा नवऱ्याच्या तळव्याची वाळू झाडत होती. एरवी तिथं हात लागला की तो पाय ओढून घ्यायचा. आज पाय तसाच राहिला.

"कळतंय न्हवं?" तिनं हळूच विचारलं.

"काय?" परशराम म्हणाला.

सुवर्णा ताडकन उठली. "दुसऱ्या मजल्यावरनं पडल्यात, बाई. परांचीवरनं. माझ्या भावानं बांधलेल्या."

मष्णू दारातनं बाहेर गेला. बाईंनी परशरामला हलू दिलं नाही. एक्स-रेत मणका मोडलेला दिसला आणि त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं.

याला आता तीन महिने झाले. परशरामचा उजवा पाय सावरला, डावा अजून ओढावा लागतो. मष्णूवर केस झाली, काम सुटलं. बेळगुंदीत त्याच्यापाशी राहणारी आई सुवर्णाचा फोन उचलत नाही.

"मी गप बसलोतो," परशराम काल म्हणाला. "तूबी बसायचं हुतंस. त्येची बारकी पोरं हाईत."

"आन् तुमचं पाय?"

परशरामनं भिंतीकडं तोंड फिरवलं. सुवर्णा त्याच्या बगलेत हात घालून म्हणाली, "उठा. चालायची येळ झाली."