रायफल कुणासाठी

दुकानात पाऊल टाकताक्षणीच ओपल टिलमनला शिसारी आली. डाव्या हाताला शीतपेटीत गळाला लावायच्या जिवंत अळ्या, त्यांच्याच वरच्या फळीवर हॅमची सँडविचं, आणि समोर भिंतभर बंदुका. टांगलेल्या टी-शर्टांवर कवट्या होत्या. एका कवटीने दातात झेंडा धरला होता, तो कशाला हे छापणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. ओपलला बंदुकीचं भय नव्हतं. एकसष्ट वर्षं ती अमेरिकेतल्या याच ओझार्कच्या डोंगरात राहिली होती आणि बाराव्या वर्षी बापाच्या रायफलने तिने पहिलं हरीण पाडलं होतं. पण तिच्या घरी बंदूक फावड्याशेजारी कोपऱ्यात उभी असायची. तिच्यावर असे दिवे सोडायचे, खाली मखमल अंथरायची, हे सगळं तिला थिल्लर वाटलं.

तरी ती आली होती, कारण कोयोटांनी, म्हणजे इथल्या रानकोल्ह्यांनी, तीन आठवड्यांत तिची अकरा करडं फाडली होती. बापाची ती जुनी रायफल धाकट्या भावाकडे गेली होती, आणि घरातल्या छऱ्याच्या बंदुकीचा पल्ला कुंपणापर्यंतही पोचत नव्हता. खांद्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे मोठा धक्का देणारी रायफल नको होती. शिवाय कोयोट एकटा येत नाही. एकावर गोळी झाडून दुसरी भरेपर्यंत बाकीचे पसार होतात. आजूबाजूच्या सगळ्या बकरीवाल्यांनी तिला एकच सांगितलं होतं, की एआर रायफल घे, हलकी असते, लाथ मारत नाही, पुढची गोळी आपोआप भरते. शाळेच्या कँटीनमध्ये सत्तावीस वर्षं मुलांच्या ताटात वाटाणे वाढून निवृत्त झालेल्या बाईला आठशे डॉलर म्हणजे थोडेथोडके नव्हते. तेवढ्यात बसेल ती घ्यायची, असं ठरवून ती निघाली होती.

आणि बरोबर गार्लंड होता. धाकट्या बहिणीचा, कोरीनचा नवरा. आपण होऊन आला होता.

"तू एकटी गेलीस तर गंडवतील तुला," तो सकाळी दारात उभा राहून म्हणाला होता. "बाई बघितली की गुलाबी रंगाची काढून देतात. चल, मी आहे ना."

पंचवीस मैल ती त्याच्या पिकअपमध्ये बसून आली. तो सारखा तंबाखू चघळत होता आणि कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत थुंकत होता. ती तपकिरी बाटली दोघांच्या मधे, तिच्या गुडघ्याला लागून डुचमळत होती. ओपल वाटभर खिडकीबाहेर बघत राहिली. त्याच्या तोंडाला मात्र खंड नव्हता. कोरीनने वृद्धाश्रमात नोकरी धरलीय. कोरीनने बँकेत वेगळं खातं काढलंय. कोरीन दोन रविवार चर्चला आली नाही.

"कुणीतरी तिच्या डोक्यात भरवतंय," तो म्हणाला. "तुला काही बोलली?"

"मला कुठे काय सांगते ती," ओपल म्हणाली. ते खरंच होतं. वर त्याला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, "अरे, नवी नोकरी आहे. दमत असेल. तुला सोडून कुठे जातेय?"

गार्लंड हसला आणि बाटलीत थुंकला.

नऊ वर्षांपूर्वी याच माणसाने कोरीनचा जबडा मोडला होता. लपून राहिलेली गोष्ट नव्हती ती. पोलीस आले, खटला झाला, त्याने गुन्हा कबूल केला, आणि तेव्हापासून कायद्याने त्याला बंदूक हातात धरायचीही जन्मभर बंदी होती. त्याच्या रायफली त्याच्या भावाच्या घरी गेल्या. पुढे एका रविवारी तो चर्चमध्ये उभा राहून हमसाहमशी रडला, पाद्रीबाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सगळ्या मंडळीने त्याला माफ करून टाकलं. आमच्याकडे माफी फार चटकन होते. जिचा जबडा मोडलेला असतो तिला कुणी विचारत बसत नाही. मग तो विधवा-म्हाताऱ्यांची छपरं शाकारायला लागला, फुकट. ओपलचं कुंपणही त्यानेच ताणून दिलं होतं. नऊ वर्षांत तिला त्या बंदीचा जवळजवळ विसर पडला होता.

काउंटरमागे मर्ल नावाचा जाड चष्म्याचा म्हातारा होता. दोन्ही कानांत यंत्रं, हातावर वेल्डिंगच्या जुन्या भाजल्याच्या खुणा. त्यानेही आधी गार्लंडकडेच बघितलं, बायकांना असल्या दुकानात दुसराच नंबर असतो. ओपलने कोयोटांचं आणि आठशे डॉलरचं सांगितलं ते ऐकून घेतलं आणि भिंतीवरची एक काळी रायफल उतरवून, रिकामी असल्याची खात्री करून गार्लंडपुढे धरली.

गार्लंड एक पाऊल मागे सरला. दोन्ही हात जॅकेटच्या खिशात गेले.

"मला नको, तिला दे," तो म्हणाला. "घेणारी ती आहे."

मर्लने चष्म्यावरून त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग रायफल ओपलच्या हातात आली. खरंच हलकी होती. तिने खांद्याला लावून बघितली, आणि गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

"हजाराच्या आतल्या सगळ्या बहिणी-बहिणीच, मॅडम," मर्ल म्हणाला. "नळी नीट असावी, चाप अडकू नये, बाकी सगळी रंगरंगोटी. ही साडेपाचशेची घ्या. दोनशेची दुर्बीण बसवा. उरतील त्यात काडतुसं, आणि ती मारून संपवा. लोक हजाराची रायफल घेतात आणि सरावाला दमडी ठेवत नाहीत. किती लांबून मारायचंय?"

"दोनशे यार्ड. मागच्या पायरीवरून टाकीपर्यंत."

"मग दुर्बीण हवीच. आपल्या वयाला काय दिसतंय दोनशे यार्डांवर!"

"दुर्बीण कशाला?" गार्लंड मधेच म्हणाला. "तो लाल ठिपक्याचा नेम बसव त्याऐवजी. जवळच्या कामाला बेस्ट."

"जवळचं काम कुठलं?" मर्ल म्हणाला. "बाई दोनशे म्हणाल्या."

"अरे, येतात की जवळ. ओपल, तू गप ऐक, मला कळतं यातलं. मर्ल, दस्ता पूर्ण बाहेर काढ. हां, तसा."

खांद्याला टेकायचा तो मागचा दस्ता बाहेर ओढला तसा तो ओपलच्या काखेबाहेर गेला. मान कितीही पुढे काढली तरी डोळा नेमावर येईना. तिचे हात आखूड होते, आईकडून आलेले.

"मला नाही पुरत हा."

"होईल सवय," गार्लंड म्हणाला. हात खिशातच होते. नुसत्या हनुवटीने तो एकेक गोष्ट दाखवत होता, दिवा, पट्टा, तीस गोळ्यांची मॅगझिनं. "मॅगझिनं चार दे. आणि काडतुसं ती मऊ टोकाची, घरातल्या वापराची. भिंतीतून आरपार जात नाहीत ती."

मर्लने यादी करता करता पेन्सिल थांबवली.

"बकऱ्यांच्या कुरणात भिंती कुठून आल्या?"

गार्लंड मोठ्याने हसला. ओपललाही सवयीने हसू फुटणार होतं, पण फुटलं नाही. तिच्या हातात एक रायफल होती, जिचा दस्ता तिला लांब पडत होता, जिच्यावर दोनशे यार्डांवरचं तिला काही दिसणार नव्हतं, आणि जिच्या गोळ्या भिंतींचा विचार करून निवडल्या होत्या. तिच्या घरी कोयोट भिंतीआड बसत नव्हते.

"फॉर्म भरा, मॅडम," मर्ल म्हणाला. त्याने कागद तिच्यापुढे सरकवला आणि पहिल्या प्रश्नावर बोट टेकवलं. "हा नीट वाचून. मी प्रत्येकाला सांगतो, पण तुम्हाला दोनदा सांगतो."

गार्लंड तिच्या खांद्यावरून वाकला. पुदिना आणि तंबाखूचा ओलसर वास तिच्या गालावर आला.

"वाचायचं काय त्यात? पहिल्यावर हो, बाकी सगळ्यांवर नाही. सगळे तसंच करतात."

प्रश्न साधा होता. ही बंदूक खरोखर तुम्हीच घेत आहात का? दुसऱ्या कुणासाठी घेत असाल तर विकता येणार नाही, असं खाली ठळक छापलं होतं.

मर्ल मुद्दामच दोन पावलं लांब गेला आणि काच पुसायला लागला. ओपलने पेन धरलं, पण टेकवलं नाही.

"गार्लंड," ती हळू आवाजात म्हणाली, "ही राहणार कुठे?"

"माझ्याकडे. तुझ्याकडे तिजोरी कुठाय? नेम जुळवायला हवा, तेल-पाणी करायला हवं. आठ-पंधरा दिवस राहू दे, मग बघू."

"आणि कोयोट?"

"मी येऊन मारीन की."

"तुला तर हात लावायचीही बंदी आहे."

तो अगदी लाडात आल्यासारखा हसला. दातांच्या फटीत तंबाखूचे कण होते.

"कोण येतंय बघायला? कागदावर सगळीकडे तुझंच नाव असणार."

 आत्तापर्यंतची शिसारी अळ्यांची होती, कवट्यांची होती, त्या थुंकीच्या बाटलीची होती. ती सगळी आता या एका माणसावर येऊन थांबली. करडं मेल्याचं कळल्यावर हाच तिच्या ओट्यावर टोपी काढून बसला होता. वाईट वाटतं म्हणाला होता. तिच्या मेलेल्या करडांवर याने आपला बेत रचला होता, आणि ती त्याला वर ॲपल-पाय कापून वाढत होती, दोनदा. ही रायफल कुठल्या भिंतींच्या आत वापरायची आहे, तिथे एकटी कोण असते, हे तिला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिने पहिल्या प्रश्नासमोरच्या 'नाही'च्या चौकोनात फुली मारली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

"अगं, काय करतेस?" गार्लंड म्हणाला. "चुकीच्या चौकोनात केलीस! मर्ल, नवा फॉर्म दे हिला. हिला दिसत नाही नीट."

मर्ल आला, कागद उचलून डोळ्यांजवळ नेला.

"मॅडम, हे असंच म्हणायचंय तुम्हाला?"

"हो. मी ही माझ्यासाठी घेत नाहीये. आत्ताच कळलं मला."

"मग माझ्याच्याने विकता येणार नाही." त्याने रायफल उचलली आणि मागे भिंतीवर नेऊन ठेवली. "आज नाही. आणि यांच्याबरोबर आलात तर कधीच नाही."

गार्लंडचा हसरा चेहरा क्षणात गळून पडला आणि खालचा दुसरा वर आला. हा दुसरा ओपलने नऊ वर्षांपूर्वी एकदाच बघितला होता, कोर्टाच्या आवारात.

"म्हातारे," तो म्हणाला, "तुझी छपरं शाकारली मी. कुंपण घातलं. हे फेडतेस होय?"

"घातलंस. मी कालपर्यंत लोकांना ते कौतुकाने सांगत होते."

"मर मग त्या घाणेरड्या बकऱ्यांबरोबर."

तो जाता जाता दुकानाच्या लादीवर पचकन थुंकला. बाहेर पिकअप खडी उडवत निघून गेली. मर्लने शिव्या घालत फडकं आणलं, ते ओपलने त्याच्या हातातून घेतलं आणि गुडघ्यावर बसून ती थुंकी स्वतः पुसली. का, ते तिला सांगता आलं नसतं. माणूस तिने बरोबर आणला होता, घाण तिनेच काढावी, एवढंच वाटलं.

मग ती उठली आणि तिने फोन काढला.  पंचवीस मैल म्हणजे त्याला अर्धा तास.

पहिल्याच घंटेला कोरीनने उचलला.

"घेतलीस?" हॅलो नाही, काही नाही. एवढंच.

"नाही," ओपल म्हणाली. "नाही घेतली. तो चिडून निघालाय. घराकडेच येत असेल. कोरीन, आत्ताच्या आत्ता बाहेर पड. शेरीफच्या कचेरीत जा, मी तिथे पोचते."

पलीकडे श्वास सोडल्याचा आवाज आला, कितीतरी लांब. मग कोरीन रडायला लागली, अगदी बारीक आवाजात.

"बॅग गाडीत आहे," ती म्हणाली. "परवापासून आहे. परवा तो म्हणाला, ओपलच्या नावावर आणतोय, मग बघतो तू कुठे जातेस ते. सकाळपासून मी किल्ली हातात धरून बसलेय. तू घेतलीस असं ऐकलं असतं तर नक्की काय केलं असतं मला माहीत नाही."

"परवापासून?" ओपलचा आवाज चढला. "अगं, मग मला का नाही सांगितलंस? मी तुझी सख्खी बहीण ना?"

पलीकडे किल्ली खुळखुळली.

"तुला काय सांगू? तू म्हणाली असतीस, तो बदललाय."

 मर्ल काउंटरमागे आपल्या गाडीच्या किल्ल्या शोधत होता. त्याने त्या उचलून तिला दाखवल्या आणि दाराकडे मान हलवली.

"निघ तू," ओपल फोनमध्ये म्हणाली. "फोन बंद करू नकोस. मी ऐकतेय."

दार आपटल्याचा आवाज आला, पायऱ्यांवर पावलं वाजली, आणि मग गाडी सुरू झाली.