तीन बोटं जास्त

माझ्या नवऱ्याने होडी घेतली तेव्हा मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही. तेहतीस वर्षं बस चालवलेला माणूस निवृत्त झाल्यावर घरात गप्प बसेल, ही माझी भाबडी समजूत. बरं, होडी तरी कसली? शिडाची, जुनी, आणि लोखंडाची.

"लोखंडाची नाही, पोलादाची," ते म्हणाले.

"बुडताना दोन्ही सारखीच," मी म्हटलं.

मी शिवणकाम करते. चाळीस वर्षं लोकांचे खांदे बघत आलेय. होड्या दुरुस्त करतात त्या आवारात पहिल्यांदा गेले आणि होडीच्या तोंडासमोर उभी राहिले, तर मला आधी तेच दिसलं. "अहो, हिचा एक खांदा उतरलाय."

"अगं, होडी आहे ती, कोट नव्हे."

मी पिशवीतून टेप काढली. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, काठाकाठाने, आधी डावी बाजू मोजली, मग उजवी. उजवी तीन बोटं जास्त भरली. ते म्हणाले की वाऱ्यात एवढं काही कळत नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, अक्कलही नसते.

खरी पंचाईत कागदांची होती. ज्याच्याकडून होडी घेतली त्याने ती दुसऱ्याकडून घेतलेली, दुसऱ्याने तिसऱ्याकडून, आणि तिसरा वारलेला. नोंदणीच्या कार्यालयातला कारकून म्हणाला, "ही कुणी बांधली ते शोधा. अंग मजबूत बांधलंय असं बांधणाऱ्याने लिहून द्यायचं आणि सही करायची. महिनाअखेरपर्यंत." सही नाही तर नंबर नाही, आणि नंबर नाही तर आवारात जागा नाही. भंगारवाला दोनदा येऊन होडीला टिचक्या मारून गेला होता. तिसऱ्यांदा तो कापायचं यंत्र घेऊनच येणार. यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. होडीवर मी चिडलेली होते, पण यांचं तोंड बघवेना. शेवटी शिलाई बाजूला ठेवली आणि पदर खोचला.

होडीच्या पोटात झोपायच्या फळीखाली यांनी रंग खरवडला, तेव्हा पत्र्यावर ठोकलेले आकडे निघाले. "सापडला! कारखान्याचा नंबर!" चार दिवस यांनी दिसेल त्याला फोन केले. पाचव्या दिवशी कळलं की तो पत्रा ज्या कारखान्यात तयार झाला तिथला तो नंबर. म्हणजे कोटाचा शिंपी शोधायला निघालो आणि पोचलो कापडाच्या गिरणीत.

वाट दाखवली ती आवारातल्या वेल्डिंगवाल्याने. आम्ही खरवडलेले सांधे त्याने फडक्याने पुसले, बॅटरी तिरकी धरली आणि मला जवळ बोलावलं.

"वहिनी, वितळलेल्या धातूच्या या लाटा बघा. उजव्या बाजूच्या सगळ्या उलट्या पडल्यात. ही बाजू डावखुऱ्याने जोडलीय. डावी बाजू सरळ हाताच्या माणसाची. दोघं होते." मग त्याने सांध्यावरून बोट फिरवलं. "आणि हा डावखुरा माझा मास्तर आहे. या हाताच्या टपल्या खाल्ल्यात मी."

मास्तर आता शिकवत नव्हते. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करायचं दुकान होतं. आम्ही गेलो तेव्हा ते तोंडावरची ढाल वर करून पाणी पीत होते. कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ फाटकाला तांबडा रंग देत होते. इतकं निगुतीचं काम की खाली एक थेंब नाही. मला तो माणूस बघताक्षणी आवडला.

यांनी मोबाइलवर होडीचा फोटो दाखवला. मास्तरांनी एकदा बघितलं आणि पाण्याचं भांडं खाली ठेवलं. म्हातारे मात्र पँटला हात पुसत आले, वाकले आणि ओरडलेच.

"अरे, आपली आहे ही! अजून जिवंत आहे?"

ते मास्तरांचे थोरले भाऊ. मास्तर त्यांना दादा म्हणत, मग आम्हीही दादाच म्हणू लागलो. तीस वर्षांपूर्वी दोघांनी मिळून ही एकच होडी बांधली होती. उजवी बाजू धाकट्याने, डावी दादांनी.

"पाण्यात सोडली तर एका अंगाला ओढायला लागली," दादा सांगत होते. "याने दोन्ही बाजू मोजल्या. हा आकडे सांगत होता, मी लिहीत होतो. नकाशाशी ताडलं, तर उजवी बरोबर, डावी तीन बोटं कमी. म्हणजे माझी. उष्णतेने पत्रा आखडला असणार आणि मला कळलंसुद्धा नाही. घेणाऱ्याने तशीच नेली, भला माणूस. पण त्यानंतर मी वेल्डिंगचा रॉड हातात धरला नाही. आपला हात वाकडा, तर आपण रंग द्यावा." आणि ते चक्क हसले.

यांनी कार्यालयाचा कागद पुढे केला. दादांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नाही हो. जी वस्तू मी बिघडवली, ती मजबूत आहे म्हणून मी कसं लिहून देऊ?"

"मास्तर, तुम्ही तरी," हे म्हणाले.

"दादा नाही तर मीही नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी ढाल खाली ओढली.

रिकाम्या हाताने निघालो होतो, तेवढ्यात दादा मागच्या खोलीतून एक गुंडाळी घेऊन आले. होडीचा मूळ नकाशा होता तो, सगळी मापं घातलेला. "सही नाही देऊ शकत, पण हा ठेवा. तिच्या घरी जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी मी नकाशा आवारात फळीवर पसरला. डावी बाजू मोजली आणि नकाशातल्या आकड्याशी ताडून बघितली. सुताचा फरक नव्हता. उजवी मोजली, तर तीन बोटं जास्त. माझा विश्वास बसेना. यांना दुसरं टोक धरायला लावलं आणि तीनदा मोजलं. डावी बाजू कधी कमी नव्हतीच. उजवी जास्त होती.

यांनी हातातलं टोक सोडून दिलं. "अगं, तेव्हा टेप कुणाच्या हातात होती?"

"धाकट्याच्या," मी म्हटलं आणि तशीच तिरीमिरीत बाजाराकडे निघाले. वाटेत चांगल्या निवडक शिव्या जुळवून ठेवल्या होत्या.

दादा रंग आणायला गेले होते. मी नकाशा मास्तरांच्या पुढ्यात आपटला. त्यांनी तो बघितलाही नाही. दाराकडे बघत म्हणाले, "मोजलंत ना?"

"मोजलं."

"मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पुन्हा एकटा जाऊन मोजलं तेव्हा. आधी मोजताना दोन्ही बाजूंना टेपचं टोक मी तीन बोटं आत धरलं होतं. शिकवायची नोकरी नक्की व्हायची होती. म्हटलं, एकदा हुकूम हातात पडू दे, मग दादाला सांगू. हुकूम आला तोवर दादाने रॉड ठेवून दिला होता. मग कुठल्या तोंडाने सांगणार? रॉड धरायला मला त्यानेच शिकवलं, ताई. रोज सकाळी तो ब्रश भिजवतो आणि मी बघतो."

शिव्या जिभेवरच वाळल्या. मला त्या माणसाचा संताप आला होता आणि त्याच वेळी त्याची कीवही येत होती. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण ही गोष्ट माझी नव्हती.

"सांगायचं तुम्ही. मी नाही सांगणार," मी म्हटलं. "आणि होडीसाठी म्हणून नका सांगू. होडी गेली भंगारात तरी सांगा."

महिना संपायला एक दिवस होता तेव्हा दोघं भाऊ आवारात आले. दादा कुणाशी न बोलता डाव्या बाजूला गेले, चष्मा पुसला आणि सांध्यांवरून हळूहळू हात फिरवत मागच्या टोकापर्यंत पोचले. मग परत पुढे आले.

"कुठे आखडलाय ते सापडत नाही रे," ते म्हणाले.

"आखडलेलाच नाही, दादा," मास्तर म्हणाले. "चूक माझ्या बाजूला आहे. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

दादांनी माझ्यापुढे हात केला. मी टेप दिली. त्यांनी डावी बाजू मोजली, नकाशा बघितला, उजवी मोजली, पुन्हा नकाशा बघितला. आम्ही कुणी मदतीला पुढे झालो नाही. मग ते होडीखालच्या लाकडी ओंडक्यावर बसले.

"दादा, शिव्या दे. मार मला," मास्तर रडत होते.

"कागद कुठाय?" दादांनी यांना विचारलं.

यांनी कागद आणि पेन दिलं. दादांनी सगळा मजकूर वाचला आणि सावकाश, पूर्ण नावाची सही केली. पेन भावाकडे दिलं. मास्तरांनी डाव्या हातात पेन धरलं, तेव्हा दादांनी कागद दोन्ही हातांनी दाबून धरला. सही झाली. होडी वाचली.

दादांनी मान वळवून होडीच्या डाव्या, आपण जोडलेल्या बाजूकडे बघितलं, खूप वेळ. मग भावाला, जेवलास का विचारावं इतक्या साध्या आवाजात, विचारलं, "अरे, मग मी या तीस वर्षांत काय काय बांधलं असतं रे?"