एकच सेटिंग

जान्हवीनं निरंजनच्या मशीनवर कंट्रोल आणि एस ही दोन बटणं एकदम दाबली, तर समोरची फाइल सेव्ह होण्याऐवजी स्क्रीनवर दोन तुकड्यांत उघडली. तिनं घाबरून माउसकडे हात नेला. माउस जागेवर नव्हता. तो मॉनिटरच्या मागं, आपली वायर अंगाभोवती गुंडाळून, धूळ खात पडला होता.

"तिथंच असू दे त्याला," मागं उभा असलेला निरंजन म्हणाला. "सेव्ह हवंय ना? डाव्या करंगळीखालचं बटण दाब. एकच."

तिनं दाबलं. झालं सेव्ह.

"निरंजनदादा, सगळ्या जगाचं सेव्ह एका ठिकाणी असतं. तुमचंच वेगळं का?"

"सगळ्या जगाला बोटं वाकडी करायची हौस असते, त्याला मी काय करू?"

जान्हवीला हसू आलं, पण काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. झालं होतं असं, की परदेशातला ग्राहक फोनवर असताना टीमचे प्रमुख नरहरी सर घाईघाईनं निरंजनच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी जे जे दाबलं, त्यातून भलतंच काहीतरी घडत गेलं. शेवटी अख्खा प्रोग्राम बंद पडला. टीम तोंडावर हात ठेवून हसली. सर हसले नाहीत. त्यांनी फर्मान काढलं, की खंडेनवमीच्या पूजेआधी प्रत्येक मशीनवर एकच सेटिंग हवं, कुणीही कुणाच्या खुर्चीत बसला तरी अडता कामा नये. ते सेटिंग ठरवायचं आणि सगळीकडे घालायचं काम जान्हवीच्या गळ्यात पडलं. बार्शीहून आलेली ही मुलगी अजून प्रोबेशनवरच होती. हे नीट पार पाडलंस तर कायम होशील, असं सरांनी सांगून ठेवलं होतं.

बाकीच्यांची मशीन्स पटापट झाली. अडलं ते निरंजनपाशी. हा माणूस कोड लिहायला बसला की बघत राहावं. बोटं बटणांवरून उठत म्हणून नसत. चूक सापडली, दुरुस्त झाली, पुढची सापडली, सगळं इतरांचा माउस अजून मेनूपर्यंत पोचायच्या आत. टीमला त्याचं कौतुक होतं आणि त्याच्या खोडीही काढायची सवय होती. दिवसभर कानाला हेडफोन लावतो, पण गाण्यावर कधी मान डोलत नाही. दुसऱ्याच्या टेबलाशी म्हणून जात नाही, "मला पाठव, माझ्या मशीनवर बघतो," म्हणतो. आणि साडेपाच वाजले की नेरे गावाहून त्याचे वडील एम-एटी दुचाकी घेऊन फाटकाशी हजर. बत्तीस वर्षांच्या बाप्याला शाळेतल्या पोरासारखं न्यायला! घरची एवढी जमीन, पण पठ्ठ्या साधी गाडी चालवत नाही, यावर कॅन्टीनमध्ये रोज एक तरी टोमणा ठरलेला.

"माझं आहे तसंच राहू दे ना," निरंजन म्हणाला.

"सर ऐकणार नाहीत."

"मग निदान एकदा वापरून बघ आणि मग काय ते ठरव." त्यानं आपल्या सेटिंगची सगळी फाइल तिच्या मशीनवर पाठवली. "पण पुसू नकोस बाई. ही बटणं गेली तर मी गेलो."

तो हसत म्हणाला, म्हणून तीही हसली.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर जान्हवीनं निरंजनचं सेटिंग आपल्या मशीनवर चढवलं. आधी तिच्या बोटांनी असहकार पुकारला. मग हळूहळू मेख लक्षात येऊ लागली. रोज लागणारी कामं बोटं टेकतात तिथंच होती, क्वचितची लांबच्या बटणांना दिलेली. पुढची चूक उजव्या तर्जनीखाली, मागची डावीखाली. चुकून दाबलं गेलं तर नुकसान होईल अशी प्रत्येक गोष्ट दोन्ही हात लावल्याशिवाय होतच नव्हती. एखाद्या सुगरणीनं अंधारातही हात घातला की मीठच हाती यावं असं स्वयंपाकघर लावावं, तसं त्यानं ते लावलं होतं. जान्हवी मनातल्या मनात त्याच्या पाया पडली.

दोन-तीन बटणांचा मात्र अर्थ लागेना. एक दाबल्यावर सगळा पडदा काळा झाला आणि त्यावर दुकानाच्या पाटीएवढी पिवळी अक्षरं उमटली. दुसरं दाबल्यावर काहीच झालं नाही. तिनं पुन्हा दाबलं. टेबलावर ठेवलेल्या तिच्या हेडफोनमधून बारीक कुजबुज आली. तिनं तो कानाला लावला. एक कोरडा, यंत्राचा आवाज तिनंच लिहिलेली ओळ तिला वाचून दाखवत होता. ओळ क्रमांक, शब्द, कंस, कंस बंद.

ही गाणी होती तर.

तिनं डोळे मिटले आणि एकेक बटण दाबत गेली. पुढची चूक. ओळ वाच. दुरुस्त. सेव्ह. डोळे उघडले तेव्हा काम झालेलं होतं.

साडेपाचला ती मुद्दाम फाटकाशी गेली. गेणबा, निरंजनचे वडील, एम-एटीला टेकून उभे होते.

"काका, रोज न चुकता येता तुम्ही."

"मग काय करनार, पोरी? दिवस कलला की त्याला कुटं दिसतंय? तुमी एका हापिसातली, तुमाला ठावं हायेच की." गेणबांनी सीटवरची धूळ हातानं पुसली. "डोळ्याच्या आतला पडदा सुकत चाललाय म्हणं, बाजूचं आत्ताच दिसंना. फुडं दिवसाबी दिसायचं न्हाई, असं डाक्टर बोलला. म्या म्हनलं, नोकरी सोड, जमीन हाय, बसून खा. तर म्हनतो, आबा, हातानं कराया शिकलोय, आता डोळं न्हाई लागत. लई चिवट हाय."

तेवढ्यात निरंजन पायऱ्या उतरून आला. एक हात कठड्यावर होता. जान्हवी त्याच्या डावीकडे, हातभर अंतरावर उभी होती. तो तिच्याकडे न बघता सरळ गाडीवर जाऊन बसला. कालपर्यंत तिला हा त्याचा तोरा वाटायचा. आज तिला स्वतःचीच लाज वाटली.

खंडेनवमीच्या सकाळी गेणबांच्या शेतातला झेंडू टोपलीभर आला. मॉनिटरना हार चढले, कीबोर्डांवर हळदकुंकू पडलं, नरहरी सरांनी नारळ फोडला. प्रसाद खाऊन मंडळी जागेवर बसली आणि एकच गलका उठला.

"अरे, माझं सेव्ह कुठं गेलं?"

"जान्हवी, हे काय करून ठेवलंस?"

सरांनी तिला बोलावलं. त्यांच्याही मशीनवर तेच होतं.

"हे निरंजनचं आहे." त्यांचा आवाज चढला होता. "मी एकच सेटिंग म्हणालो होतो."

"एकच आहे, सर. काल रात्री सगळ्यांना तेच घातलंय." कायम होणं आता हातचं गेलं, असं जान्हवीला वाटत होतं. "पंधरा दिवस वापरून बघा. माउस लागत नाही. आणि ओळ वाचून दाखवतं, त्यानं डोळ्यांना निसटलेली चूक कानांना कळते. नाही पटलं तर मला काढा."

सर स्क्रीनकडे वळले. त्यांनी दोन बटणं दाबून पाहिली, तिसऱ्याला अडकले आणि वैतागून हाक मारली.

"निरंजन! इकडे ये. माझ्या टेबलाशी."

टीममधले दोघेतिघे कोपरानं एकमेकांना डिवचू लागले. निरंजन उठला. टेबलांच्या कडा चाचपत, सावकाश आला आणि सरांच्या खुर्चीत बसला. क्षणभर त्याचे हात कीबोर्डवर पडलेल्या झेंडूच्या पाकळ्यांवर तसेच अधांतरी राहिले. मग डावी करंगळी खाली गेली. मग उजवी तर्जनी. बोटं थबकली, पुन्हा एकदा तीच बटणं दाबून त्यांनी खात्री करून घेतली, आणि मग जी सुटली ती सरांची चूक काढूनच थांबली.

त्यानं मान वळवून जान्हवीच्या टेबलाकडे पाहिलं. ती तिथं नव्हती.

"मी इथं आहे, निरंजनदादा," ती त्याच्या शेजारून हळूच म्हणाली. "तुमच्या डाव्या हाताला."

तो आवाजाच्या दिशेनं वळला. मग त्यानं सरांचा माउस उचलला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि तो मॉनिटरच्या मागं ठेवून दिला.

सर त्या दोघांकडे बघत होते.

"असू दे," ते म्हणाले. "तिथंच असू दे त्याला."