एकवीस तारखेचा हिरवा गोल

मी देऊळघाटच्या शेखरभाऊंच्या स्वयंपाकघरातली दिनदर्शिका बोलतेय. दिनदर्शिका हे माझं छापील नाव, घरात मला कॅलेंडरच म्हणतात. बारा पानांचं माझं आयुष्य, त्यातलं शेवटचं पान सध्या उघडं आहे. तीन दिवसांनी खिळ्यावरून उतरेन, म्हणून आताच सांगून टाकते.

मला विकत घेतलं योगिनीने. ती शेखरची आधीची बायको, लोणारला वह्या-पुस्तकांच्या दुकानात काम करते. तिने एकसारखी दोन कॅलेंडरं घेतली. एक तिच्या भिंतीला आणि दुसरी मी, इकडे. घटस्फोट घेतलेली बाई नवऱ्याच्या घरासाठी कॅलेंडर घेते म्हणून दुकानाचा मालक हसला होता. हसू दे. आमचा उपयोग त्याला काय ठाऊक!

अर्पिता ही दोघांची मुलगी, नऊ वर्षांची. डॉक्टर तिच्या स्थितीला ऑटिझम म्हणतात. ती मोजके शब्द बोलते, मिक्सर लागला की कान झाकते, आणि ठरलेलं काही बदललं की पार कोलमडते. तिच्यावरूनच घरात खटके उडत. योगिनी तिला अकोल्याला अशा मुलांना शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायची, आजी अन्नपूर्णाबाई अंगारा आणायच्या, आणि शेखर दोघींच्या मधे गप्प बसायचा. ते गप्प बसणंच योगिनीच्या जिवाला लागलं. शेवटी दोघांच्या संमतीने कोर्टातून वेगळे झाले. मुलगी आईकडे, एक शनिवार आड वडिलांकडे.

मोठ्यांनी सह्या केल्या आणि मोकळे झाले. पण आज कुठल्या घरी झोपायचं, हे त्या लेकराला कसं कळावं? मग योगिनीने औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवून आम्हा दोघींवर गोल काढले. लाल गोल म्हणजे पप्पांचं घर, हिरवा म्हणजे मम्मीचं. अर्पिता शनिवारी आली की चप्पल काढायच्या आधी माझ्याकडे येई, लाल गोलावर बोट ठेवी, मग शेजारच्या हिरव्यावर. "गोल," म्हणे, आणि निवांत होई. रविवारी जेवण झालं की पाठीला दप्तर. शेखर तिला लोणारला पोचवून येई.

एरवी माणसं माझ्याकडे बघतात ती चतुर्थी कधी आणि सिलिंडर कधी लावलं एवढंच पाहायला. इतक्या विश्वासाने माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मी जरा शेफारले होते.

सत्तावीस एप्रिलच्या रविवारी माझी रग जिरली. त्या चौकटीत हिरवा गोल होता आणि कोपऱ्यात अमावस्याही छापलेली होती. अन्नपूर्णाबाईंना वाचता येत नाही, पण अमावस्येचा काळा ठिपका त्यांना लांबून दिसतो.

"आज पोरीले बाहेर काढू नको," त्या म्हणाल्या. "अमावस्या हाय. उद्या नेजो."

"माय, ते वाट पाहून राह्यली. तिथं गोल हाय."

"कागद मोठा का मी मोठी?"

शेखरने पायात घातलेली चप्पल परत काढली. अर्पिता दप्तर घेऊन दारात उभी. पंधरा मिनिटं, अर्धा तास. मग माझ्याकडे येऊन हिरव्या गोलावर बोट आपटू लागली. आजीने तिच्या भल्यासाठीच तिला जवळ ओढलं, आणि पोरीने हंबरडा फोडला. भिंतीवर डोकं आपटून घेतलं, अगदी माझ्या खालीच. दुसऱ्या दिवशी गेली तेव्हा कपाळावर टेंगूळ होतं.

दोन आठवड्यांनी लाल गोल आला, पण अर्पिता आली नाही. योगिनीचा फोन आला, शेखरने स्पीकर लावला होता.

"मी अडवत नाही तिला," ती म्हणाली. "तिनंच इथल्या कॅलेंडरवरचे सगळे लाल गोल पेनानं खोडून टाकले. आता मी कुठल्या तोंडानं तिला सांगू की तुमच्या घरचा गोल खरा असतो?"

शेखर म्हणाला, "चूक माई हाय. मी बोलाले पायजे होतं." एवढं वाक्य बोलायला त्याला किती वर्षं लागली! अन्नपूर्णाबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. नात पुन्हा या घरात येते की नाही, याची धास्ती त्यांनी तेव्हापासून घेतली.

तीन लाल गोल रिकामे गेले. शेखर दर वेळी एकटाच लोणारला गेला. पोरीला हात लावायचा नाही, चल म्हणायचं नाही, नुसतं योगिनीच्या दारातल्या ओट्यावर तासभर बसायचं आणि ठरल्या वेळी उठायचं. तिसऱ्या खेपेला अर्पिता त्याच्याजवळ येऊन बसली. मग योगिनीने आणि त्याने मिळून नव्या तारखा धरल्या, नवे गोल काढले. चौदा जूनला माझ्यावर पुन्हा ते बोट आलं. जरा बिचकत आलं, पण आलं.

आणि मग एकवीस सप्टेंबर. हिरवा गोल, रविवार, आणि सर्वपित्री अमावस्या! वर्षातली सगळ्यात मोठी. घरात वडे, खीर, कढी. पितरांचं पान वाढून घास छपरावर ठेवल्याशिवाय या घरात कुणी तोंडात काही घालत नाही. स्वयंपाक लांबला, साडेबारा झाले. अर्पिता माझ्यासमोर उभी, बोट गोलावर, श्वास जोरात चाललेला. शेखर पुढे झाला, या वेळी तो बोलणारच होता.

त्याच्या आधी अन्नपूर्णाबाई उठल्या. पितरांच्याही आधी त्यांनी नातीचं ताट वाढलं. जेवण झाल्यावर दप्तर स्वतः तिच्या पाठीला लावलं, पण अंगाला हात लागू दिला नाही.

"माय, आज सर्वपित्री हाय," शेखर पुटपुटला.

"ठाव हाय मले. पितर जरा वेळ थांबतीन, मोठे लोक हायेत ते. हे लेकरू कोनाच्या भरोशावर थांबीन? ने तिले."

संध्याकाळी लोणारहून पोचल्याचा फोन येईपर्यंत त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

काल अर्पिता येऊन गेली. नवं कॅलेंडर गुंडाळीत आलंय. त्यावरचा जानेवारीचा पहिला लाल गोल आजीने झाकण धरून स्वतः काढला. झाकण सरकलं, गोल वाकडा झाला. अर्पिता कितीतरी वेळ बघत राहिली. मग बोट ठेवून म्हणाली, "गोल."

माझी पानं आता डब्यांखाली अंथरा, वह्यांना घाला, माझी तक्रार नाही. माझ्या जागी येणारीला फक्त त्याच खिळ्यावर, त्याच उंचीवर लावा, तिचं बोट पोचेल अशी. आणि काढलेला गोल पाळा.