तेलाची वाटी

केसरच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, हे चांगदेवांना गाडीचं बॉनेट उघडताना पुन्हा आठवलं. पत्र दिवाळीत आलेलं. आता पौष लागला होता. भाचीनं उरणहून लिहिलं होतं: 'मामा, आपल्या टॅक्सीच्या तेलाच्या फिल्टरची वाटी गंजून पातळ झाली आहे. तशी दुसरी मिळत नाही. पत्रेवाला डब्याच्या पत्र्याची करून देतो म्हणतो. हे म्हणतात, आपली गाडी काय शर्यतीची आहे? उरण-पनवेल तर जायचं. बसवू का? तुम्ही म्हणाल तसं.'

तुम्ही म्हणाल तसं! इथंच घोडं अडलं होतं. किहीमच्या शेठच्या दोन सारख्या गाड्या होत्या. शेठ गेल्यावर एक त्यांच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला, म्हणजे चांगदेवांना, मिळाली. दुसरी केसरच्या नवऱ्यानं, सदूनं, बायकोच्या पाटल्या मोडून टॅक्सीसाठी घेतली, तीही चांगदेवांच्या शब्दावर. इंजिनाचं सगळं तेल त्या वाटीतून गाळून पुढं जातं. वाटी फुटली की तेल रस्त्यावर आणि इंजिन कायमचं जाम. एवढं त्यांनी शेठच्या कपाटातल्या पुस्तकांत वाचलं होतं. पण रोजच्या साध्या गाडीला वाटी किती बळकट लागते, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. आणि चांगदेवांचं तर एकही वाक्य 'बहुतेक' जोडल्याशिवाय पुरं होत नसे. त्या 'बहुतेक'वर पोरीचा संसार कसा टांगायचा?

शेवटी त्यांनी गावातल्या पत्रेवाल्या कोंडाजीकडून रॉकेलच्या डब्याची तशीच वाटी करून घेतली, सांध्याला डाख दिला आणि ती आपल्याच गाडीला बसवली. रोज सकाळी गाडी सुरू करायची, चोंढीपर्यंत फिरवून आणायची. अजून काही बिघडलं नव्हतं.

"काय ओ मामा, आज पन गाडीची नाडी बघताय?" मनुबाईनं मासळीची पाटी कुंपणाशी उतरवली.

"बघ तूही. पण लांबून."

त्यांनी इंजिन सुरू केलं. रात्रभर गारठलेलं तेल घट्ट होतं. तेलाच्या दाबाचा काटा सरळ टोकाला गेला. ते वळून पुढं आले. वाटीचा तळ फुगत होता. कुणी आतून श्वास भरून घ्यावा तसा.

"आई गं! ही तर फुगली!" मनुबाई कुंपणावरून वाकली.

इंजिन तापत गेलं, तेल सैल झालं, काटा हळूहळू उतरला. तळही मागं बसला. पण कालच्याइतका नाही.

"म्हंजी पळताना न्हाय, उठताना जोर लागतोय हिला," मनुबाई हसली. "तुमच्यावानीच. चालताना काय न्हाय, उठताना कण्हताय!"

चांगदेवांना सदूचं शर्यतीचं बोलणं आठवलं. शर्यतीची गाडी कधीमधी पळते. टॅक्सी रोज उठते.

सांध्यावर तेलाचा एक मणी जमला. पाठोपाठ डाख उकलला आणि काळी धार थेट कुंपणापर्यंत उडाली. चांगदेवांनी धावत जाऊन चावी फिरवली.

"माजं लुगडं!" मनुबाई ओरडली. "आन् तुमी हसताय काय?"

"हसत नाही गं. बहुतेक."

दुसऱ्या सकाळी त्यांनी गाडीची मूळ लोखंडी वाटी परत चढवली, नवं तेल ओतलं आणि गाडी सुरू केली. काटा कालच्याइतकाच वर गेला. त्यांनी वाटीला तळहात लावला. आत तोच दाब होता आणि लोखंड हललंसुद्धा नाही. शेठची पोरं समुद्रावर नेताना, बाईसाहेबांना प्रसूतीला अलिबागला नेताना, प्रत्येक वेळी या ओंजळभर लोखंडानं हे सोसलं होतं. त्यांनी कधी त्याच्याकडं वळून पाहिलं नव्हतं. देवळात लवावी तशी त्यांची मान लवली. हात चटका बसेपर्यंत त्यांनी काढला नाही.

मग इंजिन बंद केलं. वाटी निवल्यावर पाना घेतला.

"आन् तुमची गाडी?" मनुबाईनं विचारलं.

"कोंबड्यांना खुराडं हवंच होतं."

पोस्टात दयारामनं गोणपाटात शिवलेलं, केसरच्या नावाचं पुडकं हातात तोलून पाहिलं. "पाषाण भरलाय का मामा? बरं, आत मोडण्यासारखं काही?"

"नाही," चांगदेव म्हणाले.

दयाराम शिक्का उचलून थांबला. मामांचं वाक्य पुरं व्हायची तो वाट पाहत होता. पण मामा केव्हाच पायऱ्या उतरून पायी घराकडं निघाले होते.