मडक्यातलं बाळ

माझं काम धुण्याचं. डोंगरावरच्या जुन्या वस्तीत जे निघेल, खापरं, मणी, दगडाची पाती, ते टबात बुडवायचं, ब्रशने हलक्या हाताने घासायचं, सावलीत वाळवायचं. खोदकामाचे साहेब म्हणतात, ही तुमच्याच पूर्वजांची घरं. सांगायला कशाला हवं? आमची चाळीस घरं अजून त्याच उतारावर आहेत, खाणवाला उठवेपर्यंत.

त्या दिवशी तिसऱ्या चुलीखाली मडकं निघालं. आत तान्ह्या बाळाची हाडं. साहेब हरखूनच गेले. "दोन हजार वर्षांचं मडकं! आता खाणवाल्याची काय बिशाद डोंगराला हात लावायची!"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मी मडक्याचा फुटका काठ बघत राहिले.

मडकं असेल दोन हजार वर्षांचं. बाळ माझं होतं, एकोणीस वर्षांपूर्वीचं. मेलेलंच जन्मलं. आमच्यात असं बाळ जुन्या वस्तीतल्या चुलीखाली पुरतात, पूर्वजांच्या ओटीत. सासूने तिथलंच पडलेलं, काठ फुटलेलं मडकं उचललं. मुलगी झाली एवढं सांगितलं, पण म्हातारीने मला पोरीचं तोंड पाहू दिलं नाही. "बघितलंस तर पुढचं राहायचं नाही," म्हणे. पुढचं कुठं राहिलं!

खड्डा नवऱ्यानेच खणला होता. आता तोही इथंच मजुरीला. घमेलं टाकून माझ्याजवळ आला, चेहरा पांढराफटक.

"तोंडातून अवाक्षर काढू नकोस."

"अरे, आपली पोर आहे ती!"

"ती गेली. चाळीस घरं जिवंत आहेत."

खरं बोलला, म्हणून जास्तच राग आला. चहाच्या स्टोव्हवर पाणी कोमट करून टबात ओतलं. एकेक हाड तळहातावर घेऊन धुतलं. काडीएवढाल्या बरगड्या. मला रडायचं होतं, पण साहेब शेजारीच बसून हाडं ठेवायच्या पेटीची चिठ्ठी लिहीत होते.

"बालक," ते पुटपुटले. "मुलगा की मुलगी, अज्ञात."

"मुलगी," मी म्हटलं.

नवऱ्याने डोळे मिटले. साहेब मात्र हसले. "बाई, एवढ्याशा हाडांवरून ते कळत नाही हो."

"बरं," मी म्हटलं.

पेटी जीपमधून शहराकडे गेली. नवरा लोकांच्या घोळक्यात हसत उभा होता, हसायलाच हवं होतं त्याला. साहेबांनी टब रिकामा करायला सांगितलं. मला ते पाणी ओतवेना.