छप्पर मिटलं तेव्हा

नाशिकच्या नव्या सरकारी स्टेडियमचं छप्पर बटण दाबलं की मिटतं, हे ऐकल्यापासून छायाबाईंचं डोकं फिरलं होतं. घोटीहून येताना एसटीत त्यांनी लेकीला, दिशाला, नुसतं भंडावून सोडलं. "आपल्या शाळेला साधी पत्र्याची शेड नाय, आन् हितं आभाळाला झाकण! कुणाच्या पैशानं? आपल्याच ना?"

"अगं आई, पावसानं आमचे किती सामने बुडाले, विसरलीस का?"

कबड्डीची फायनल ऐन रंगात आली आणि आभाळ गडगडलं. वर छप्पर सरकू लागलं. दोन्ही बाजूंनी दोन अवाढव्य पंख पुढे येत होते. छायाबाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी मोबाइल वर धरला. खाली दोन्ही संघ बरोबरीत होते. दिशा शेवटच्या चढाईला निघाली, तेव्हा वर फट हातभर उरली होती. मग वीतभर. मग मिटलीच, आणि धो धो पाऊस वरच्या वर अडला! सगळं स्टेडियम उभं राहून शिट्ट्या मारू लागलं. "मिटलं गं बाई, मिटलं!" छायाबाई फक्त नाचायच्या बाकी होत्या.

तेवढ्यात दिशा घामाघूम धावत आली आणि गळ्यातच पडली. "आई, जिंकलो! दोघींना बाद करून आले! आणि लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या गं मला! पाहिलंस ना?"

छायाबाईंनी मोबाइल हळूच पदराआड सरकवला.

"तर! सगळं स्टेडियम उभं व्हतं की!"